उद्घाटनापुरती सोय

सुरगाण्याकडची तृप्ती गावित नाशकात कॉलेज रोडवरच्या एका कंपनीत वेबसाइट तपासायची. चुका शोधणं हेच काम, त्यामुळे चुकांवर तिचा राग नसायचा. २००८च्या जुलैत मात्र तिला जेवण जाऊ नये इतकी शिसारी आली, आणि ती माणसांची.

कंपनीने मुलींच्या एका वसतिगृहासाठी ऑनलाइन अर्जाची साइट केली होती. यादी लागली, तर तिच्यात सुरगाण्याकडची एकही मुलगी नाही. तृप्तीच्या फुलामावशीची सविताही नाही. वसतिगृह नाही म्हणजे सविताचं कॉलेज नाही, इतका सरळ मामला होता.

मालक धनराजसर कचोरी खात म्हणाले, "अगं, तुमच्याकडच्या पोरींना फॉर्म कुठे भरता येतो? सबमिट दाबलंच नसेल."

बोटांचं तेल त्यांनी टेबलालाच पुसलं.

तृप्तीने वाद घातला नाही. तिच्या ब्राउझरला एक फुकटचं एक्स्टेंशन जोडलेलं होतं. त्यात आपण चार ओळींची स्क्रिप्ट लिहायची, की ते चालू पान हव्या त्या पायरीवर थांबवायचं आणि आत काय घडतंय ते ओळीने लिहून दाखवायचं. तिने लिहिलं: नेटची लाइन सुरगाण्याच्या सायबर कॅफेसारखी रडतखडत चालव आणि शंभर अर्ज भर. शंभरही वेळा पडद्यावर आलं, 'आपला अर्ज मिळाला आहे'. प्रत्यक्षात पोचले अकरा.

संदेश आधी, अर्ज पाठवणं मागाहून! संदेश पाहून पान बंद केलं की रडक्या लाइनवरचा अर्ज वाटेतच राहायचा. चूक कसली, मुद्दाम केलेलं. उद्घाटनाला नारळ फोडून पाहुणे बटण दाबणार होते. ऐन वेळी नेट गेलं तर शोभा नको, म्हणून धनराजसरांनीच ही सोय करवून घेतली होती. हार वाळले, पेढे संपले, सोय तशीच राहिली.

तिने सगळं दाखवलं. सरांच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

"आधी ते एक्स्टेंशन काढून टाक," ते म्हणाले. "वसतिगृहवाल्यांना कळलं तर पुढचं काम जाईल."

दोन ओळींची दुरुस्ती दुपारीच झाली आणि यादीतून मुली सुटल्याचं कारण म्हणून नोंदीत लिहिलं गेलं, 'अर्जदारांची चूक'. निर्लज्जपणाला काही सुमार!

तृप्तीने स्क्रिप्टचा निकाल छापून वसतिगृहाच्या बाईंना नेऊन दिला. त्यांनी तो वाचला, "खोल्या भरल्या गं, पुढच्या वर्षी बघू," म्हणाल्या आणि कागदावर चहाचा कप ठेवला.

रविवारी ती मावशीकडे गेली. सविता गिरणाऱ्याला टोमॅटोच्या कामावर गेली होती. तृप्तीने मावशीला उलगडून सांगितलं, साइट कशी फसवी होती, सर कसे बोलले, बाई कशा वागल्या. बोलताना तिचं तोंड कडू झालं होतं.

फुलामावशीने सगळं ऐकून घेतलं.

"मंग ते चालू करायच्या आधी कोनी तपासलं नाय का?"

ऑफिसच्या भरधाव लाइनवर दहा मिनिटांचं काम होतं ते; तिथे सगळे अर्ज पोचले होते.

"मीच तपासलं होतं, मावशी," तृप्ती म्हणाली.