मीसूकचं खरं वय

मी मीसूकला खोटारडी म्हटलं होतं. तेही तिच्याच वहीत, माझ्या अक्षरात.

काल सोलमध्ये ती गेली. तिच्या भावाचा ईमेल आला.

सहा वर्षांपूर्वी केंब्रिजमध्ये आम्ही एका घरात भाड्याने राहायचो. ती कोरियाहून इंग्लिश शिकायला आलेली. मी पुण्याची, आयटीवाली, आणि जन्माची संशयी. दुधाच्या बाटलीवर पेनने रेघ मारून ठेवणारी.

बॅग खाली ठेवायच्या आधी तिने विचारलं, "हाऊ ओल्ड आर यू?"

"थर्टी-थ्री."

"आय ॲम थर्टी-फोर. आय ॲम बिग सिस्टर."

झालं! लगेच माझ्या ताटात डोकावून "ईट मोअर" सुरू.

मग लँडलेडीसाठी काढलेली तिच्या पासपोर्टची कॉपी माझ्या हाती लागली.

बत्तीस!

म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. आज वयाचं खोटं, उद्या कशाचं? हिला घराबाहेर काढायला लँडलेडीला सांगायचंच, असं मी ठरवलं.

रोज संध्याकाळी किचनमध्ये मी तिला एक व्हर्ब शिकवायचे. त्या दिवशी मुद्दाम निवडलं, 'टू लाय'.

उदाहरण लिहिलं, 'शी लाइज अबाउट हर एज.'

तिने ते सुवाच्य अक्षरात पाच वेळा लिहून काढलं. मग डिक्शनरी उघडली.

"हू इज शी?"

"यू."

रडली नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यांच्याकडे मूल जन्मतःच एक वर्षाचं असतं. आणि न्यू इयरला सूप प्यायलं की सगळ्यांचंच वय एकाने वाढतं.

"आय नॉट लाय. आय काउंट."

मग तिने माझंही वय मोजलं. पस्तीस.

ती उठली आणि चक्क वाकली. "सॉरी. यू आर बिग सिस्टर."

तेव्हापासून मी तिची ऑन्नी, म्हणजे ताई.

लाजेने मी ते वाक्य खोडायला गेले, तर तिने वही ओढून घेतली. "नो, नो. गुड एक्झाम्पल!"

गेल्या वर्षी तिचा आजार कळला. फोनवर म्हणायची, "ऑन्नी, आय वॉन्ट फॉर्टी."

"यू विल," मी म्हणायचे. आणि फोन ठेवून रडायचे. कारण आता खोटं मी बोलत होते.

भावाने लिहिलंय, न्यू इयरचं सूप तिने दोन चमचे घेतलं. आणि म्हणाली, ऑन्नीला सांग, फॉर्टी.

पासपोर्ट अडतीस म्हणेल. म्हणू दे.

माझी धाकटी बहीण चाळीस वर्षांची होऊन गेली.

सुखाने जा, मीसूक.