साडूंचा दुसरा वाफा

स्वादुपिंडाचा विषय काढल्याशिवाय वांग्याची भाजी ज्याच्या घशाखाली उतरत नाही असा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. सेनगावला ते शाळेत विज्ञान शिकवायचे. नव्वदच्या दशकात त्यांच्या लहानग्या मुलीला मधुमेह झाला. इन्शुलिन तयार करणाऱ्या तिच्या पेशीच मरून गेल्या होत्या, त्यामुळे रोज सुई आली. वीज दिवसदिवस जायची, म्हणून साडूंनी ओल्या वाळूत एक छोटा माठ पुरून त्यात इन्शुलिनची बाटली ठेवली. एकदा उन्हातून आल्या आल्या मी पाण्यासाठी त्याच माठावरचं झाकण उचललं, तर साडू ओरडले, "पाणी तिकडं हाय! ह्याच्यात पोरीचा जीव हाय." पुढे वर्षभर त्यांच्याकडे मी विचारल्याशिवाय पाणी प्यायलो नाही.

पुढे हिंगोलीत इंटरनेटची दुकानं निघाली आणि साडूंना नवीन कुरण मिळालं. मेलेल्या माणसाच्या स्वादुपिंडातल्या चांगल्या पेशी काढून रोग्याच्या यकृतात सोडतात, पण रक्त पोचायच्या आत त्यातल्या पुष्कळ मरतात. सोबत वाढीचे घटक, म्हणजे वाढीला चालना देणारी द्रव्यं, दिली तर नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पेशी तग धरतात, असं त्यांनी वाचलं. परतीच्या जीपमध्ये कोंबलेल्या सगळ्यांना त्यांनी ते ऐकवलं. "लागवड केली अन् मुळाला पाणीच न्हाई, तर रोप काय करंल? बराबर तसंच!" ड्रायव्हरनं विचारलं, "गुरुजी, हे आपल्याकडं कधी येऊन राहिलं?" साडू म्हणाले, "संशोधन चालू हाय." "म्हंजी यष्टी निघाली, पण कुठवर आली ते ठाऊक न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. साडूंना हे इतकं पटलं की पुढे ते स्वतःच तसं सांगू लागले.

त्याच वर्षी पावसाळ्यात त्यांनी घरामागे वांग्याचे दोन वाफे केले. एकातली रोपं शेणाच्या काल्यात मुळं बुडवून लावली, दुसऱ्यातली तशीच. काला म्हणजे त्यांच्या हिशेबी वाढीचे घटक. पाणी दोन्हींना अगदी बेताचं. दुसरा वाफा माना टाकणार आणि आपला मुद्दा सिद्ध होणार, याची त्यांना खात्री होती. पण दोन्ही वाफे टवटवीत! साडूंनी माती बदलून पाहिली, बियाणंवाल्याशी भांडण केलं, मलाही पत्र पाठवून बोलावून घेतलं. खरं सांगायचं तर मलाही चैन पडेना. शेवटी जेवताना मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, दुसऱ्या वाफ्याला मी पाणी देत व्हते."

"काहून?" साडू ताटावरून उठायचेच बाकी राहिले.

"सुकून राहिले व्हते ते. तुमाला पाहायचं म्हणून त्यांनी काहून मरायचं?"

 भाकरीचा तुकडा हातात धरून साडू तिच्याकडे पाहत बसले. पुढच्या वर्षी मी मुद्दाम परसात जाऊन आलो. सगळी रोपं काल्यात बुडवून लावलेली. "आणि तुलनेचा वाफा?" मी विचारलं. "ऱ्हाऊ द्या ना, साडूभाऊ," ते म्हणाले.

मुलगी आता संसाराला लागली आहे, सुई अजून सुटलेली नाही. साडू थकलेत. मी निघताना मला वांगी बांधून देतात आणि फाटकापर्यंत येऊन हळूच विचारतात, "यष्टी निघाली तर असंल, न्हाई का?" मी होय म्हणतो. एरवी आमचं कशावर एकमत होत नाही, पण इथे मला वाद घालवत नाही.