काकांचा पोपटी शर्ट

मराठी मंडळाची वेबसाइट आपल्या गळ्यात कधी पडली, हे अनुराधाला आता आठवतही नाही. साकेत नगरच्या दवाखान्यात दिवसभर संगणक सांभाळायचे आणि घरी येऊन मंडळाची चाकरी. मानधनाच्या नावाने शून्य, फोन मात्र हक्काचे.

मंडळातलं कुणी गेलं की तेरा दिवस वेबसाइटचे रंग उतरवायचे, ही तिथली पद्धत. या वेळी गजानन देशकर गेले. मंडळाच्या प्रत्येक नाटकात लोकांना हसवणारे, भडक कपड्यांचे शौकीन. दुपारी सोनागिरीहून त्यांच्या पत्नीचा, सुहासिनीकाकूंचा फोन आला.

"अनु बेटा, बाकी सगळं करडं कर, पण यांच्या फोटोतला पोपटी शर्ट तसाच राहू दे. संध्याकाळी शोकसभेत वेबसाइटवरचं यांचं पान पडद्यावर दाखवणार ना? मला यांना रंगात बघायचंय."

एवढंच मागणं. अनुराधाने सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, नियम लिहिला: काकांचा फोटो सोडून पानावरचं सगळं करडं. पान उघडलं, तर शर्टही करडा! तिने अक्षर न् अक्षर तपासलं. नियम बरोबर, शर्ट करडाच. चहा गार होऊन गेला आणि डोकं तापलं.

मग उलगडा झाला. सूट फोटोला होती, फोटोभोवतीच्या चौकटीला नव्हती. काका, काकू आणि त्यांचा मुलगा चिन्मय, तिघांचे फोटो एकाच चौकटीत होते. ती चौकट म्हणजे काही काकांचा फोटो नव्हे, म्हणून नियमाने तिला करडं केलं आणि तिच्या पोटातलं सगळं तिच्याबरोबर गेलं.

प्रत्येक वस्तू वेगळी करडी करायची, हा खरा उपाय. पण चौकटीबाहेर चौकट, तिच्याबाहेर आणखी एक. ते सगळं उसवायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने सरळ काकांचा फोटो सगळ्या चौकटींतून काढून पानाच्या तळाशी ठेवला. शर्ट झकास पोपटी झाला. लॅपटॉप बगलेत मारून तिने सोनागिरी गाठली.

काकूंनी चष्मा पुसला. शर्टावरून बोट फिरवलं, हसल्या. मग वरची चौकट पाहिली. त्या एका कडेला, चिन्मय दुसऱ्या कडेला, मध्ये मोकळी जागा.

"हे इकडे खाली एकटेच गं?"

अनुराधाने चौकटीची भानगड समजावली. "थोडा वेळ द्या काकू, सगळं उसवून नीट करते."

"नको. तुझं तोंड बघ किती उतरलंय. यांना आमच्यात ठेव."

"पण मग रंग जाईल त्यांचा."

"जाऊ दे. आमचा तरी कुठे राहिलाय?"

अनुराधाने फोटो उचलून परत त्या दोघांच्या मध्ये ठेवला. शर्ट करडा झाला, आणि दिवसभर कोरड्या राहिलेल्या तिच्या डोळ्यांना पाणी आलं.