बालाफोन आणि सुतारमामा

सुतारमामांना गाण्याबिण्याचं काही पडलेलं नव्हतं. एकतीस वर्षं दारं-कपाटं करण्यात गेली. मामी म्हणायची, "यांच्यासमोर कुणी तान घेतली, तर हे बिजागरीला तेल घालायला उठतील!"

जागतिक संगीत महोत्सवात ते गेले, तेही कामापुरतेच. मंचाच्या मागच्या पायऱ्या डुगडुगत होत्या. शेवटचा स्क्रू पिळत असताना दुभाषी बाई धावत आल्या. "मामा, पश्चिम आफ्रिकेतल्या वादकांच्या वाद्याची चौकट प्रवासात मोडलीये. तासाभरात कार्यक्रम आहे हो!"

आत ते वादक एकटेच तोंड पाडून बसले होते. मामांच्याच वयाचे. समोर बुटकी चौकट, तिच्यावर दोरीनं बांधलेल्या लाकडाच्या एकवीस पट्ट्या, प्रत्येकीखाली एकेक सुका भोपळा. नाव बालाफोन.

मामांनी चौकटीच्या तुटलेल्या पायाला जोड दिला, खुंट्या ठोकल्या. वादकांनी दोन काठ्या उचलल्या आणि पट्ट्यांवरून फिरवल्या. मामा दचकले. लाकूड खणखणीत गात होतं! पण प्रत्येक सुरामागे भुंग्यासारखी गुणगुणही होती.

"थांबा, थांबा! काहीतरी सैल राहिलंय," म्हणत मामा पालथे पडून भोपळे चाचपू लागले.

वादक खो खो हसले. दुभाषी बाईंनी सांगितलं, "भोपळ्याला भोक पाडून त्यावर पातळ पापुद्रा चिकटवतात. ती गुणगुण मुद्दाम केलेली असते."

"मुद्दाम?" मामांचा आ वासला तो वासलाच. "आणि मी जन्मभर लोकांच्या घरातली कुरकुर काढत फिरलो!"

त्यांनी तिथूनच मामीला फोन लावला. "असशील तशी ये!"

"अगंबाई, लागलं का कुठं?"

"लागलंय, पण हाताला नाही. ये लवकर!"

मामी पोहोचली तेव्हा मामा पहिल्या रांगेत, मांडीवर हातोडी, पाय ठेक्यावर. वादकांचे हात दोन, पण आवाज चार जणांचा वाटत होता. मामीही बघता बघता डोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वादक दुभाषी बाईंना घेऊन मामांच्या कारखान्यात आले. लाकडाच्या ढिगातला एकेक तुकडा ठोकून बघत त्यांनी बहुतेक बाजूला टाकले. शेवटी दाराच्या एका जुन्या चौकटीचं लाकूड पसंत पडलं. मग त्यांनी दाखवलं: खालून मधोमध तासलं की सूर उतरतो, टोकांना तासलं की चढतो.

"इतकी वर्षं तासतोय," मामा म्हणाले, "चढतोय की उतरतोय, कधी ऐकलंच नाही!"

वादक मायदेशी गेले. मामांनी तीन महिन्यांत सात पट्ट्या बिघडवल्या आणि पाच जमवल्या. त्या वाजवून आवाज दुभाषी बाईंमार्फत वादकांना फोनवर पाठवला. चार दिवस उत्तर नाही. मामा जेवताना ताटावरच बोटं वाजवायचे.

पाचव्या दिवशी ऐन जेवणात दुभाषी बाईंचा फोन आला. "ते म्हणतात, तिसरी किंचित चढलीये. बाकीच्या चार आमच्या घरच्यासारख्या वाजतात."

"चार!" मामा मामीकडे बघून ओरडले. "अगं, चार जमल्या!" आणि हातातला घास तसाच ठेवून तिसरी तासायला धावले.