मधोमध भोक असलेली गादी

गेल्या गुरुवारी सकाळी तापीकाठच्या प्रकाशा गावाहून एक आप्पा माझ्या दुकानात आले. हातात कापड नाही, पिशवी नाही... नुसतेच इकडेतिकडे बघत उभे. बसा म्हटलं तर बसेनात.

नंदुरबारात माझं टेलरिंगचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. खुर्ची पुढे केल्यावर जो माणूस बसत नाही, त्याला काय शिवून हवंय हे मला हल्ली लगेच कळतं. आप्पा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मधमा भोक शे ती गादी तूच शिवस ना भो?"

म्हणजे कीर्ती पार तापीच्या काठापर्यंत गेली तर!

आता लाजण्यासारखं काही उरलं नाही म्हणून सगळं सांगतो. मागच्या दिवाळीच्या गर्दीत मशीनवर दहा-दहा तास बैठक, पाणी प्यायचं भान नाही, संडासला वेळेवर जाणं नाही. मग एक दिवस तिथे काच फिरल्यासारखं झालं... रक्त दिसलं, आणि पुढे दोन तास नुसती आग.

मूळव्याध झाली, असं मीच ठरवून टाकलं. चार महिने याचं चूर्ण, त्याची पुडी, कुणाचा तरी झाडपाला... डॉक्टर सोडून सगळं केलं. सकाळ होऊच नये असं वाटायचं, कारण सकाळी संडासला जावं लागतं ना!

शेवटी मशीनवर बसणंच होईना, तेव्हा मुकाट्याने सर्जनकडे गेलो. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, मूळव्याध नाही, फिशर आहे. गुदद्वाराला भेग पडलीय, ती जुनी झालीय, आणि तिथला स्नायू दुखण्याने आवळून बसतो म्हणून ती भरत नाही.

लग्नसराई तोंडावर आणि आता हे ऑपरेशन सांगणार, अशी मला धास्ती होती. पण ते म्हणाले, आधी सहा-आठ आठवडे सांगतो ते मनापासून करा. तो स्नायू सैल करणारं मलम, दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यात बसणं, भरपूर पाणी, पालेभाज्या, रात्री इसबगोल. कुंथायचं नाही, मोबाईल घेऊन आत बसायचं नाही. एवढ्याने नाही भागलं तर इंजेक्शन आहे, छोटं ऑपरेशन आहे, तेव्हाचं तेव्हा बघू.

आणि हो, तिखट कमी करा म्हणाले. नंदुरबारात! इथे मिरचीच्या हंगामात नुसता श्वास घेतला तरी ठसका लागतो...

माझी बायको सुनंदा रोज धुण्याच्या टबात कोमट पाणी भरून द्यायची. पाणी किती गरम हवं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण पहिल्या दिवसापासून ते अगदी बेताचं असायचं. मला वाटलं, बाई हुशार आहे.

कामासाठी बसायची सोय म्हणून मी सोफ्याच्या उरलेल्या फोमची गादी केली. मधोमध भोक, वर शाळेच्या युनिफॉर्मचं निळं कापड. डॉक्टरांना दाखवली तर हसले. म्हणाले, हा आराम झाला, औषध नाही, आणि हिच्यावरही फार वेळ बसू नका.

गिऱ्हाईकं विचारायची, हे काय? मी सांगून टाकायचो. मग काय... धानोऱ्याचे एक गुरुजी हळूच येऊन गादी घेऊन गेले. तोरणमाळच्या घाटात जीप चालवणारा एक जण आला, त्याला तर दोन हव्या होत्या. मी प्रत्येकाला एकच अट घालायचो, आधी डॉक्टर, मग गादी.

आप्पांनाही तेच विचारलं. "डॉक्टरले दखाडं का?"

"नही भो, लाज वाटस..."

"आधी दखाडी या, आप्पा. तवलोंग गादी तयार करी ठेवस."

दुपारपर्यंत गादी झाली. खुर्चीवर ठेवली आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर सुनंदा त्या गादीवर बसून ब्लाउजला हुक लावत होती.

सुनंदा बसली होती! दुकानातलं हुक-काजाचं काम तीच करते, पण कायम काउंटरला टेकून, उभ्याने. मी कितीदा तिला चिडवलंय, अख्ख्या खान्देशात उभ्याने काज करणारी तू एकटीच. मला बघताच ती पटकन उठली.

"जराखी बठी दखं," ती म्हणाली. मग खाली बघत, "दोन वरीस व्हयनात. धाकली पोर व्हयनी तवपासून दुखस."

"मंग माले काब्र सांगं नही?"

"तुम्हीनच इतला रडी ऱ्हायन्तात, मी कव्हय सांगू?"

हसू आलं, पण क्षणभरच. खरंच सांगतो, स्वतःची इतकी लाज मला त्या दुखण्यातही वाटली नव्हती. सगळ्या गावाला डॉक्टरकडे धाडत होतो आणि माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी असलेली बाई मला दिसली नव्हती. पाणी बेताचं कसं असायचं, तेही तेव्हा कळलं... ती माझ्या आधीपासून त्या टबात बसत होती.

दुसऱ्याच दिवशी तिला लेडी डॉक्टरकडे नेलं. तिलाही फिशरच निघालं, तेच मलम, तेच कोमट पाणी. आता माझं जवळजवळ बरं झालंय, म्हणून टबात पाणी मी भरतो. आप्पाही दाखवून आले, त्यांना दुसरी गादी शिवून दिली. ती पहिली सुनंदाकडेच राहिली.

तुमच्या घरातही कुणी सगळी कामं उभ्यानेच करत असेल, तर कौतुक नंतर करा. आधी खुर्ची पुढे करा... आणि ती बसते का बघा.