बॉनेटवरची चमक

परभणीत गाडी धुतली म्हणजे ती चमकली पाहिजे. नुसती स्वच्छ होऊन भागत नाही. बॉनेटमध्ये बघून भांग पाडता आला नाही, तर गिऱ्हाईक म्हणतं, नुसतं पाणी मारून दिलं. जिंतूर रोडवरच्या आपल्या वॉशिंग सेंटरात भागवतनं अशा गाड्या चमकवण्यात अर्धा जन्म घालवलाय. माझी स्कूटर मी त्याच्याकडंच नेतो, आणि ती बिचारी माझ्या ऐपतीपेक्षा जास्त चमकते. हात चांगला आहे त्याचा. खोड एकच, कुठं थांबावं ते त्याला कळत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ओमप्रकाश नावाचा तरुण त्याच्याकडं गाडी घेऊन आला. नोकरी पुण्याला, गाव सोनपेठच्या बाजूला. गाडी नवी कोरी, मॅट रंगाची. मॅट म्हणजे पाटीसारखा करडा, मुका रंग. त्याला चमक नसते आणि ती नसण्याचीच शौकिनांना हौस असते. आदल्या दिवशी ओमप्रकाशच्या आईनं, धुरपदाबाईनं, गाडीची पूजा केली होती. आपल्याकडं दसऱ्याला औतापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला हळदीकुंकू लागतं, मग लेकाची गाडी कशी सुटावी? म्हातारीनं तेलात हळदकुंकू कालवून बॉनेटवर चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं होतं.

ओमप्रकाशनं भागवतला बजावलं. सावलीत धू, साधा शाम्पू लाव, मऊ कापडानं नुसतं टिपून घे. ब्रश नको, मशीन नको, पॉलिश तर अजिबात नको. एवढं सांगून तो बाजारात गेला.

भागवतनं सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. कुंकू गेलं, तेलाचा ओशटपणा गेला. हळदीची फिकट पिवळी रेघ मात्र राहिली. पुन्हा शाम्पू लावला तरी जाईना. आता शहाण्यानं इथं हात आवरता घेतला असता. पण डाग ठेवून गाडी परत देणं भागवतच्या रक्तातच नाही. त्यानं फडक्यावर बोटभर पॉलिश घेतलं आणि घासलं.

पिवळेपणा गेला. त्याच्या जागी तळहाताएवढी चमक उमटली. मॅट रंगाचं असंच असतं. दुसऱ्या गाडीवर पॉलिश मारलं की ती खुलते. ही घासली की तिचा खरबरीतपणा मोडतो आणि तिथं कायमची चमक बसते. मग ती धुऊन जात नाही की पुसून जात नाही, सगळं बॉनेट नव्यानं रंगवावं लागतं. भागवतनं फडकं खिशात कोंबलं आणि पॉलिशचा डबा पाटावरून खाली, पिंपामागं सरकवला. हे त्यानं का केलं, ते त्याला आजही सांगता येत नाही.

ओमप्रकाश आला, बॉनेट पाहून थबकला. चमक होती बरोबर स्वस्तिकाच्याच जागी. त्यानं भागवतला एका शब्दानं विचारलं नाही. तिथंच उभं राहून, फोन स्पीकरवर टाकून, त्यानं आईला लावला.

"आई, नको नको म्हणत असताना तेल फासलंस ना? वाटोळं झालं बघ रंगाचं. आता इथून पुढं माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावू नको."

 पलीकडून आवाज आला, "बरं बाबा. न्हाई लावत."

भागवत पाइप गुंडाळत उभा होता. तोंड उघडायला तेवढीच वेळ होती आणि ती त्यानं घालवली. गाडी गेली. दुपारचा डबा त्यानं तसाच परत नेला.

घरी त्यानं बायकोला, राजेश्रीला, सगळं सांगितलं. ती आधी कपाळावर हात मारून घेऊन म्हणाली की हळदीचा डाग उन्हानं आपोआप उडतो, हे कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी कळलं असतं. नुसती उन्हात उभी केली असती गाडी. भागवतला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पुढं रोज कुठल्याही गाडीच्या बॉनेटला हात लावला की त्याला ते "बरं बाबा" ऐकू यायचं. माझ्या स्कूटरलासुद्धा त्यानं त्या दिवसांत पॉलिश लावलं नाही. मी कुरकुरलो, तेव्हा हे सगळं मला कळलं. मी म्हणालो, मग फोन कर की लेका, बसलास कशाला?

दिवाळीच्या तोंडावर त्यानं वहीत लिहिलेल्या नंबरावर ओमप्रकाशला फोन केला आणि कबूल केलं. ओमप्रकाश आधी भडकला, बरंच बोलला, मग निवळला. बॉनेट रंगवायला टाकणारच आहे, म्हणाला. भागवतनं हात जोडल्यासारखं सांगितलं, तेवढं आईच्या कानावर घाला. हो, घालतो, म्हणाला तो.

एवढ्यावर मिटायला हरकत नव्हती. पण दिवाळी झाल्यावर राजेश्रीच म्हणाली, "गाडीवाल्याची माफी मागितली तुमी. बोल जिला बसला तिची कोनी मागायची?"

म्हणून भागवत मोटरसायकलवर त्या गावाला गेला. धुरपदाबाई अंगणात सोयाबीन पाखडत होती. ओळख ना पाळख, तरी तिनं आधी बाज टाकली, चहा ठेवला. मग भागवतनं मान खाली घालून सांगितलं. मावशी, ते तुमच्या तेलानं न्हाई झालं. माझ्या हातानं झालं, अन् मी गप बसलो.

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी माझ्या तेलानं न्हाई?" तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा 'नाही' ऐकलं तशी ती खुदकन हसली. तिनं भागवतला एक बोलसुद्धा लावला नाही. चहाचा कप हातात देताना म्हणाली, आता हे ओमला सांगाया पायजे, उगं माझ्यावर रुसून बसलाय.

"त्यांना म्या दिवाळीच्या आधीच सांगितलंय की, मावशी," भागवत म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणूनच म्हणाला.

म्हातारी सुपाजवळ जाऊन बसली, पण सूप काही तिनं उचललं नाही.

"दिवाळीला आला व्हता की त्यो," ती म्हणाली. "गाडी हितंच, दारात हुबी व्हती. पदर लागंल म्हनून मी रोज मागच्या दारानं जायची यायची. त्यो बघत व्हता."

भागवतला बाजेवर बसवेना आणि उठवेना. चुकलं मावशी, एवढंच तो पुटपुटला. ते कशाबद्दल म्हणतोय, हे आता त्यालाही नीट कळत नव्हतं.

"तू कशाला आलास रं बाबा सांगाया," धुरपदाबाई म्हणाली. "माझंच चुकलं म्हनत व्हते, तवर बरं व्हतं."