गेबहार्डची टाच

लोकांना एकमेकांच्या घरांचा हेवा वाटतो, बायकांचा वाटतो, झालंच तर नशिबाचा वाटतो. कासिआन प्राक्समाररला चौदा वर्षं एका टाचेचा हेवा वाटत होता. ती टाच समोरच्या घरात राहणाऱ्या गेबहार्ड फाल्खनरची होती हे एक दुःख. आणि तिची खरी किंमत अख्ख्या गावात एकट्या कासिआनलाच कळत होती, हे त्याहून मोठं.

ओबरफाल्झमध्ये स्कीचे बूट पायाला नीट बसवून देणारा कासिआन हा एकच माणूस. त्याचा बाप त्याच जागेत, त्याच खिडकीखाली, डोंगरात चालायचे चामडी जोडे शिवायचा. पुढे चामडं गेलं, प्लॅस्टिक आलं. खिडकी आणि स्टूल तेवढं राहिलं. दुकानाचा दर्शनी भाग बायको बुर्गल सांभाळायची, कारण तिथे गिऱ्हाइकांशी गोड बोलावं लागे. मागच्या खोलीत, बाजूच्या रस्त्यावर उघडणाऱ्या त्या खिडकीखाली, कासिआन गुडघ्यांवर बसलेला असायचा. तिथे गोड बोलण्याची गरज नव्हती, कारण तिथे येणाऱ्याचा पाय दुखत असायचा.

स्कीच्या बुटाचं बाहेरचं कवच टणक असतं आणि आत मऊ बूट असतो, त्याला लायनर म्हणतात. कासिआनचं मत असं, की कवच कुणीही विकेल, माणूस डोंगर उतरतो तो लायनरच्या भरवशावर. कारखाना लायनर शिवतो तो सरासरी पायासाठी, आणि छत्तीस वर्षांत सरासरी पाय घेऊन दुकानात कुणीही आलेलं नव्हतं. हॉलंडहून आलेला पाहुणा दुकानात बूट घालून म्हणे, "वा, अगदी चपलेसारखा!" आणि दोन नंबर मोठा बूट विकत घेऊन जाई. चौथ्या दिवशी नखं काळीनिळी करून तोच पाहुणा मागच्या खोलीत हजर. मग कासिआन कारखान्याचा लायनर काढून टाकायचा, त्या जागी रिकामा लायनर बसवायचा, माणसाला त्यात उभं करून नळीनं आत फोम सोडायचा. फोम फुगायचा, पायाभोवती जिथे जागा असेल तिथे भरायचा आणि दहा मिनिटांत त्याच एका पायाचा होऊन बसायचा. ती दहा मिनिटं माणसानं गुडघे किंचित वाकवून नुसतं उभं राहायचं. हललात तर लायनर वाया. दुसरी संधी नाही.

कासिआनचा स्वतःचा पाय ही अडचणीची गोष्ट होती. पंजा फावड्यासारखा रुंद, अंगठ्याच्या मुळाशी हाडाची गाठ, आणि टाच मात्र शाळकरी मुलीची. पुढे बसेल ते मागे डुलायचं, मागे धरेल ते पुढे चावायचं. गेबहार्ड गावच्या स्कीशाळेत शिक्षक. त्याची टाच बारीक पण भरीव होती, आणि घोट्याखाली दोन्ही बाजूंना अशा खळग्या होत्या, की बुटानं तिथे एकदा धरलं की सुटायचं नाव नाही. अशा टाचा कासिआननं आयुष्यात तीन पाहिल्या होत्या. एक बाई ग्राझची होती, एक माणूस वारला. तिसरी रोज समोरच्या दारातून बाहेर पडायची.

आणि बाहेर पडताना घंटा वाजायची.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी गावच्या क्लबची शर्यत असते; बर्फात रोवलेल्या दांड्यांना वळसे घेत डोंगर उतरायचा. चाळिशीपुढच्या गटात जो पहिला येईल त्याला गाईच्या गळ्यातली मोठी पितळी घंटा, भरतकाम केलेल्या पट्ट्यासकट, वर्षभर दाराला टांगायला मिळते. ती चौदा वर्षं गेबहार्डच्या दाराला होती. कासिआन त्यातली अकरा वर्षं दुसरा आला होता. दुसऱ्याला क्लब डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा देतो. बुर्गल म्हणायची, "मला तर बाई दुसरा नंबरच बरा वाटतो. घंटा काही सूपमध्ये घालता येत नाही."

मागच्या वर्षी मात्र कासिआननं एक गोष्ट पाहिली. तिसऱ्या दांड्याशी गेबहार्ड वळला तेव्हा त्याचं पाऊल आधी वळलं आणि बूट नंतर. पापणी लवेल एवढाच उशीर. बघणाऱ्या साठसत्तर माणसांपैकी एकालाही कळला नाही, कासिआनला कळला. गेबहार्डचा लायनर दबला होता. वर्षानुवर्षं वापरून फोम चपटा झाला होता, आणि ती टाच आत मोकळी फिरत होती. त्या खेपेला गेबहार्ड कसाबसा जिंकला. पुढच्या वर्षी जिंकणार नव्हता. कासिआन काही बोलला नाही. न बोलणं ही त्याची सवयच होती, त्यामुळे त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

यंदा शर्यतीला दहा दिवस उरले असताना गेबहार्ड बूट काखोटीला मारून मागच्या खोलीत आला.

"ये," कासिआन म्हणाला. "काय हरवलं, बूट की पाय?"

"डोकं हरवलंय बहुतेक." गेबहार्ड बाकावर बसला. "अरे, मी उशिरा वळतोय. मी इकडे वळायचं ठरवतो आणि स्की म्हणते, थांब, विचार करते. बकलं शेवटच्या खाचेपर्यंत आवळतो, तरी तेच. तू बघ बाबा. बुटाचं काही आहे, का माझंच?"

गेबहार्ड अवजारात लक्ष घालणारा माणूस नव्हता. ज्याला सगळं जन्मतःच नीट बसतं त्याला लक्ष घालावं लागत नाही. कासिआननं बूट मांडीवर घेतला, आत हात घातला. टाचेशी फोमचा पापड झाला होता. दोन बोटं सहज फिरत होती. त्यानं बोटं फिरवली, उगाच दोन वेळा फिरवली, आणि हात बाहेर काढला.

"तर?" गेबहार्डनं विचारलं.

"वय," कासिआन म्हणाला.

गेबहार्डनं मान हलवली. कासिआननं पायाबद्दल सांगितलेलं गावात डॉक्टरनं सांगितल्यासारखं मानतात. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला, आणि बूट काखोटीला मारून गेला. समोर घंटा वाजली.

बुधवारी बुर्गल खानावळीतून आली ती कोट न काढताच मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"गेबहार्डनं नाव काढून घेतलं. यादीत रेघ मारलीय त्याच्या नावावर. म्हणतो, कासिआन म्हणाला वय झालं."

"हं."

"तू म्हणालास असं?"

"त्यानं विचारलं."

"तो तुझ्याहून एका वर्षानं मोठा. म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत तुझंही होणार. बरं झालं सांगितलंस, कॅलेंडरवर लिहून ठेवते."

ती गेल्यावर कासिआननं आनंद होण्याची वाट पाहिली. घंटा आता त्याचीच होती. गावात तिसरा कुणी त्याच्या जवळपासही नव्हता. आपल्या दाराला घंटा टांगलेली त्यानं मनात पाहिली, दार उघडून पाहिलं, आणि पहिल्याच वाजण्याबरोबर खानावळीतल्या लोकांचं बोलणं ऐकू आलं: गेबहार्ड उतरला नव्हता ना यंदा. वर्षभर दार उघडलं की घंटा हेच बोलणार होती. गेबहार्ड हरल्याशिवाय ती घंटा म्हणजे नुसतं पितळ. आणि गेबहार्ड हरायचा, तर तो आधी उतरायला हवा. तोही धड पायांनी, नाहीतर पुन्हा लोकांना बोलायला जागा. चौदा वर्षांचा जळफळाट शेवटी माणसाला अशा ठिकाणी आणून सोडतो, की शत्रूची टाच दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

शुक्रवारी दुपारी त्यानं दुकानाच्या दाराला 'बंद' अशी पाटी लावली आणि गेबहार्डला बोलावून घेतलं. "पुन्हा बघायचंय," एवढंच सांगितलं. नवे रिकामे लायनर कवचात घातले, गेबहार्डला उतरत्या फळीवर उभं केलं, बकलं अलगद लावली, बाटल्या हलवल्या, नळ्या जोडल्या आणि फोम सोडला. पायाभोवती ऊब चढायला लागली तसा गेबहार्डचा चेहरा खुलला. कासिआननं घड्याळ पाहिलं. अर्धं मिनिट जाऊ दिलं. ज्या माणसाला पुढची साडेनऊ मिनिटं जागचं हलता येणार नाही, त्याला एखादी गोष्ट सांगायची असेल तर हीच वेळ.

"वय नव्हतं," कासिआन म्हणाला. "लायनर दबला होता."

"हे तुला आज कळलं?"

"मागच्या वर्षी. तिसऱ्या दांड्याशी."

गेबहार्ड बोलायला लागला. त्यानं कासिआनला डुक्कर म्हटलं, त्याच्या बापाच्या जोड्यांना नावं ठेवली, बापाला ठेवली, अकरा वर्षांचं खारवलेलं मांस कासिआनच्या कुठे गेलं आणि कुठे जायला हवं होतं ते तपशीलवार सांगितलं. खांदे उडत होते, हात भिंतीवर आपटत होते. कमरेखाली मात्र एक केसही हलला नाही. एवढं शिस्तीत शिव्या घालणारं गिऱ्हाईक कासिआननं पाहिलं नव्हतं. हेही ह्याला जमतं, त्याच्या मनात आलं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"किती मिनिटं राहिली?"

"तीन."

"मग नाही झालं," म्हणून गेबहार्डनं आणखी तीन मिनिटं शिव्या घातल्या.

दहा मिनिटं भरली. पाय बाहेर काढले, नळ्या कापल्या, पुन्हा बूट घातले, बकलं लावली. गेबहार्डनं टाच उचलून पाहिली. उचललीच जाईना. त्यानं गुडघे पुढे दाबले, कडेला झुकला, आणि त्याचा सगळा राग तोंडावरून असा उतरला की कासिआनला ते बघवेना.

"आणि तुझे?" गेबहार्ड म्हणाला.

"माझे काय?"

"तुझे लायनर कुणी ओतले?"

"कुणी नाही. आपले आपल्याला ओतता येत नाहीत. उभं राहायचं आणि मागे बसायचं, दोन्ही कसं करणार?"

बुर्गल दारातूनच म्हणाली, "नऊ वर्षांपूर्वी मी ओतले होते. चौथ्या मिनिटाला तुझी घंटा वाजली आणि हा वळून बघायला लागला. गेले दोन्ही वाया. त्यानंतर मला हात लावू देत नाही, जसं काही मीच वाजवली."

गेबहार्ड हसला. बूट काढले, बाह्या सरसावल्या आणि सरळ कासिआनच्या स्टुलावर बसला. "ये, उभा राहा."

नको म्हणायला कासिआनकडे कारण नव्हतं. होतं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. आपली दोन्ही पावलं आत्ताच सहा पिढ्यांच्या शिव्या घालून मोकळ्या झालेल्या माणसाच्या हाती द्यायची! कवच त्यानं स्वतःच पूर्वी तापवून पंज्याशी रुंद केलेलं होतं. बाकीचं त्यानं फळीवरून सांगितलं: बाटली हलव, अजून हलव, नळी पिळू नकोस, मागून फोम डोकावला की थांब. गेबहार्ड चष्मा लावून, जीभ दातांत धरून, सांगेल तसं करत गेला. ऊब वर चढली. आयुष्यात पहिल्यांदा कासिआनची टाच कुणीतरी धरली.

चौथ्या मिनिटाला गेबहार्ड खालूनच म्हणाला, "घंटा आधी मागच्या दाराला होती, आठवतं? पहिल्या वर्षी."

"असेल."

"तिथे तुला ऐकू जायची नाही. म्हणून पुढे आणली. कधी कधी तू खिडकीत दिसलास की मी काम नसताना दार उघडतो."

बुर्गल दारातून कासिआनच्या पायांकडे बघत होती. पाय हलले नाहीत. उरलेली सहा मिनिटं त्यानं गेबहार्डच्या टकलाकडे बघत काढली. आणि त्याच्या आईविषयी जे काही सांगितलं ते बुर्गलनं आधी कधी ऐकलं नव्हतं. "इतकी वर्षं हे सगळं कुठे ठेवलं होतंस?" ती कौतुकानं म्हणाली.

लायनर उत्तम झाला होता. कासिआननं घरी नेऊन उलटसुलट पाहिला, आत हात घालून पाहिला, दोष सापडेना. माणसानं जन्मात पहिल्यांदा ओतला आणि असा! कासिआननं शिकताना ओतलेले पहिले चार फेकून द्यावे लागले होते.

रविवारी गेबहार्डच्या नावावरची रेघ खोडून पुन्हा नाव लिहिलं गेलं. बर्फ कडक होता, ऊन स्वच्छ. कासिआन आधी उतरला. त्यानं वळायचं ठरवलं की स्की वळलेली असायची. मध्ये विचारपूस नाही. असं आयुष्यभर गेबहार्डला होत आलं असणार, हे त्याला पाचव्या दांड्याशी कळलं आणि तेवढ्या वेगातही आतून जळल्यासारखं झालं. खाली पोचला तेव्हा फळ्यावर त्याची आजवरची सगळ्यात चांगली वेळ होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग गेबहार्ड उतरला. अर्ध्या सेकंदानं पुढे.

कासिआन स्कीच्या काठ्यांवर हात टेकून उभा राहिला. अकरा वर्षं त्यानं खानावळीत सांगितलं होतं: माझा पाय असा, माझे बूट तसे, नाहीतर. त्या 'नाहीतर'वर तो अकरा वर्षं जगला होता. आता बूट उत्तम होते. पाय पक्का होता. सांगायला काही उरलं नव्हतं. गेबहार्डनं घंटा नेली ती नेलीच, जाता जाता सबबही नेली; तीही स्वतःच्या हातानं ओतून.

"मांस आणलंस ना?" घरी बुर्गलनं विचारलं. "रात्री पावाच्या गोळ्यांच्या सूपमध्ये घालते."

सोमवारी सकाळी कासिआन खिडकीखाली कामाला बसला. समोरचं दार उघडलं, गेबहार्ड बाहेर पडला, दार लागलं. आवाज आला नाही. कासिआननं मान वर केली. दारावर नुसता खिळा होता. अर्ध्या तासानं गेबहार्डची बायको बाहेर पडली. तरी नाही. मग दूर, घराच्या मागच्या अंगाला, कुठेतरी वाऱ्यानं बारीक किणकिण झाली.

तो दहा मिनिटं तसाच बसला. हललाही नाही. मग उठला, हातोडी घेतली आणि रस्ता ओलांडून फाल्खनरांच्या घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेला. घंटा पट्ट्यासकट उतरवली, पुढे आणली. खिळा सैल होता; तो काढून दुसरा, जाडसर ठोकला. ठोकण्याचा आवाज ऐकून गेबहार्ड हाकेच्या अंतरावरच्या स्कीशाळेतून परत आला.

"काय चाललंय?"

"तुझी दया मला नको," कासिआन म्हणाला. तोंडात दुसरा खिळा होता, त्यामुळे ते नीट ऐकू गेलं नसावं.

"अरे, पण तुलाच त्रास होतो म्हणून..."

"होऊ दे." त्यानं घंटा टांगली, पट्टा सारखा केला, चार पावलं मागे जाऊन पाहिलं. घंटा किंचित डावीकडे झुकली होती. त्यानं ती सरळ केली.

"उघड बघू," तो म्हणाला.

गेबहार्डनं दार उघडलं. घंटा खणखणीत वाजली. कासिआननं हातोडी खिशात घातली आणि जळफळत दुकानाकडे वळला. पुढच्या शर्यतीला तीनशे त्रेसष्ट दिवस होते, आणि आता त्याचीही टाच बुटात पक्की बसत होती.